लाल ठिपक्याची वायर

बॉनेटखालून अचानक घरघर ऐकू आली तर दचकू नका. या गाडीत दचकण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी इमानेइतबारे करतो. मी रेडिएटरमागचा पंखा बोलतोय. विजेवर चालणारा, सात पात्यांचा, काळ्या प्लॅस्टिकचा. पासलीच्या गोरखची जुनी जीप हे माझं सध्याचं घर. जीप माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी आहे आणि ती कशालाच घाबरत नाही, त्यामुळे घाबरण्याचा सगळा भार माझ्यावर पडतो.

जन्मापासून मी असाच. कारखान्यात मला चाचणीच्या बाकावर आवळून पहिल्यांदा पूर्ण वेगात फिरवलं, तेव्हा शेजारच्या बाकावर माझाच एक भाऊ फिरत होता. तो जरासा थरथरला. एका माणसाने त्याला सोडवलं, लाल पेटीत टाकलं आणि हात पुसले. त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी थरथरायचं नाही. बाहेरून थरथरलो नाही, म्हणून पास झालो. आतलं कुणी तपासलं नाही.

पहिली काही वर्षं मी पुण्यात एका छोट्या पांढऱ्या गाडीत काढली. मालक एका कचेरीत जायचे. गाडी पळत असताना मला काम नसायचं, समोरून येणारा वाराच पुरायचा. सिग्नलला गाडी थांबली, पाणी तापलं, की मी सुरू. त्यामुळे शहर मला सिग्नलपुरतंच माहीत आहे. लोक तिथे हॉर्न वाजवतात. पुढच्यालाही तोच लाल दिवा दिसतोय हे ठाऊक असूनही वाजवतात. मला वाटायचं, ही माणसंही माझ्यासारखीच घाबरत असावीत, फक्त कबूल करत नसावीत.

मग एकदा हायवेवर त्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली. मालक वाचले, गाडी गेली. मी पुढच्या बाजूला असल्याने मला साधा ओरखडाही आला नाही. शिवऱ्याजवळच्या एका भंगाराच्या आवारात मला गाडीतून उपटून काढलं. वायरी पक्कडीने कापल्या, त्यामुळे माझा मूळचा प्लग तिथेच गेला. तिथे रोज घण चालायचा. ओळखीचे रेडिएटर, दिवे, दरवाजे एकेक करून चेपत जायचे आणि मी आपला नंबर मोजत बसायचो. तेवढा मी नंतर एकदाच घाबरलो. तीच हकिकत सांगायची आहे.

भंगारातून मला उचललं छायाने. शिवऱ्यात हायवेच्या कडेला तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान मूळ तिच्या वडिलांचं, रतनबाबांचं. त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली तशी कामं छायाच करायला लागली. सुरुवातीला ड्रायव्हर लोक विचारायचे, "वायरमन कुठं गेला?" आता तेच लोक तिच्यासाठी तासभर ताटकळतात. छायाला वायर चुकलेली सहन होत नाही, खोटं बोललेलं तर त्याहून नाही. एखाद्याचं काम बिघडलं आणि चूक तिची असली तर ती गिऱ्हाईक विचारायच्या आधी सांगून मोकळी होते.

गोरख त्याच सुमाराला तिच्याकडे आला. पासली ते वेल्हे माणसं वाहायची, बाजाराच्या दिवशी विंझरपर्यंत जायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या जीपला जुना लोखंडी पंखा होता, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. त्याचं एक पातं चालत्या गाडीत तुटून रेडिएटरमध्ये घुसलं होतं. रेडिएटर दुरुस्त झाला, पण तसला पंखा कुठं मिळेना.

छाया म्हणाली, "गोरखदादा, इलेक्ट्रिक बसवू. चांगला काढून ठेवलाय म्या एक. डॅशबोर्डला स्विच देते. चढाला लागलास की चालू करायचा."

"बॅटरी खाईल का?"

"इंजिन चालू हाय तवर न्हाई खात. बंद करून तासभर चालवलास तर खाईल. पंखाच हाय तो, उपास करतोय व्हय?"

अशी माझी नेमणूक झाली. छायाने लोखंडी पट्ट्या कापून मला रेडिएटरच्या मागे नीट बसवलं. बॅटरीपासून जाड वायर ओढली, मधे फ्यूज घातला, रिले बसवला. सगळं मनासारखं झालं, पण माझ्या अंगावर उरलेल्या दोन्ही वायरी काळ्या होत्या आणि प्लग नव्हता. तिने दोन्हीच्या टोकांना चपट्या पिना दाबल्या. मग पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि एका पिनेवर लाल ठिपका दिला.

इथे तुम्हाला माझ्याबद्दल एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. माझ्यासारख्या पंख्याला दोन वायरी असतात. त्या बरोबर जोडल्या तर मी बाहेरचा वारा जाळीतून आत ओढतो, रेडिएटरमधलं पाणी गार करतो. त्याच दोन वायरींची अदलाबदल झाली तर मी उलटा फिरतो. आवाज तोच, वेग तोच, दिसायलाही तोच. फक्त इंजिनाची गरम हवा मी पाण्यावर फुंकत बसतो आणि समोरून येणारा थंड वारा अडवून धरतो. पंखा चालू दिसतो आणि गाडी तापत जाते.

छायाने हे सगळं गोरखला सांगितलं. "ठिपक्याची वायर लाल वायरीला. दुसरी काळीला. अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरंल. याच्या मापाचा प्लग मागवते, तो एकाच बाजूनं बसतो. तवर हे काढू नगं."

गोरख "व्हय, व्हय" म्हणत होता. कानाला मोबाईल होता आणि पलीकडे कुणीतरी वेल्ह्यात गाडी किती वाजता येणार ते विचारत होतं. मी तेव्हाच घाबरलो. पण मी कशालाही घाबरतो, म्हणून स्वतःवर फारसा विश्वास ठेवला नाही.

पासली मला आवडली हे कबूल करतो. खाचरांत भात उभं होतं. सकाळी जाळीतून येणारा वारा इतका गार की मला कामच नसायचं. खिंडीच्या चढाला मात्र गोरख न चुकता स्विच दाबायचा आणि काटा मधोमध राहायचा. गोरखची बायको सुलक्षणा सगळ्या घराचं वेळापत्रक सांभाळायची आणि त्याची आई, बनाबाई, सगळ्या घराची काळजी. गोरख तिला आये म्हणतो. मीही मनातल्या मनात आयेच म्हणतो, म्हणून तिला अहोजाहो करत नाही.

तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाली, "केवढुसा हाय गं ह्यो. ह्येच्यानं हुईल का एवढ्या गाडीला वारा घालायचं?" मला फार बरं वाटलं. तोवर मला होईल का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

खंडेनवमीला गाडी जाग्यावर उभी. त्या दिवशी विळा, कोयता, नांगर, गाडी, सगळ्यांना सुट्टी आणि सगळ्यांची पूजा. गोरखने सकाळी विहिरीच्या मोटरला पाइप जोडून जीप धुवायला काढली. धुण्याआधी त्याला माझी आठवण झाली. पाणी शिरून पंखा जळायला नको म्हणून त्याने माझ्या दोन्ही पिना उपसल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या. बघा, निष्काळजीपणा नव्हता. माझी काळजी घेतानाच ते घडलं. मी मात्र पिशवीत घुसमटत "काढू नगं" हे छायाचे शब्द आठवत होतो.

गाडी वाळली. पिशवी सोडून पिना बाहेर लोंबत ठेवल्या. मग बनाबाई पूजेचं ताट घेऊन आली. तिने स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं, चारही चाकांना लावलं, इंजिनाला लावलं, माझ्या मधल्या गोल टोपीला लावलं. माझ्या कपाळावर तोवर फक्त धूळ बसली होती. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात तिला लोंबत्या वायरी दिसल्या. एकीच्या टोकावर लाल ठिपका, दुसरीचं टोक कोरं.

ती सुनेला म्हणाली, "एकीला कुंकू लावलंय आन् दुसरी तशीच ठिवलीया. बरं दिसतंय व्हय ते?"

आणि ओल्या कुंकवाचं बोट तिने दुसऱ्या पिनेवरही टेकवलं.

मला तेव्हाच कळलं. पंख्याच्या अंगावर काटा येत नाही, पण माझी सातही पाती गार पडली. गोरख तिथेच होता, जाळीला झेंडूची माळ बांधत होता, आणि त्याची पाठ आमच्याकडे होती.

संध्याकाळच्या आत त्याने वायरी जोडायला घेतल्या. ठिपक्याची वायर शोधायला वाकला. हातात आलेल्या पहिल्या पिनेवर लाल दिसलं, त्याने ती लाल वायरीला खोचली. दुसरीकडे बघण्याचं कारणच नव्हतं. उरलेली काळीला गेली. वरून चिकटपट्टी गुंडाळली. स्विच दाबला आणि मी फिरायला लागलो.

"फिरतोय की," गोरख म्हणाला, आणि बॉनेट लावलं.

मी उलटा फिरत होतो. रात्रभर मी एकच धावा करत राहिलो, की उद्या सणाचा दिवस आहे, उद्या गाडी बाहेर न पडो. परवा खिंडीत तापेल, गोरख वैतागेल, बॉनेट उघडेल, सापडेल. माणसं बसलेली असतील तर कुरकुर करतील, एवढंच. माझी भीती तेवढीच मोठी होती.

दसऱ्याला दाराच्या तोरणात आंब्याच्या पानांबरोबर नव्या भाताच्या लोंब्या बांधतात. बनाबाई सकाळी ऊन चढल्यावर मूठभर लोंब्या आणायला विळा घेऊन घरामागच्या खाचरात गेली. उजव्या हातात विळा, डाव्या हाताने लोंब्या धरल्या, आणि बांधाच्या कडेला पडलेल्या विषारी फुरशाने तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दंश केला.

तिने आरडाओरडा केला नाही. लोंब्या घेऊनच घरी आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "सुलक्षणा, फुरसं चावलं बाय."

गोरख हबकला. दोरी आणायला धावला, हात आवळून बांधायला. सुलक्षणाने त्याला अडवलं. तिने आशाताईंच्या आरोग्याच्या बैठकीत हे सगळं ऐकलं होतं.

"बांधू नका कायबी. हात हलवायचा न्हाई आन् वेळ घालवायचा न्हाई. आत्याबाई, बांगड्या काढू द्या, हात सुजंल."

"सणाच्या दिशी? धनी हायेत माजं. हात मोकळा ठिवू व्हय?"

"उजव्या हातात हायेत की. डाव्यातल्याच काढते."

बनाबाईने हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. अँब्युलन्सला फोन लावला, पण ती पासलीपर्यंत येणार आणि परत जाणार, एवढं थांबायला कुणी तयार नव्हतं. दारात आपली गाडी धुऊनपुसून, माळ घालून उभी होती. बनाबाईला पुढच्या सीटवर बसवलं, सुलक्षणा तिला धरून बसली. म्हातारे गेनबा, बनाबाईचे यजमान, जीपच्या दाराला धरून चार पावलं चालले आणि मग थांबले.

मी हे सगळं ऐकत होतो. तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मला भंगाराचा घण परवडला असता.

सपाटीला काही झालं नाही. खिंडीचा चढ लागला, गोरखने दुसरा गिअर टाकला, स्विच दाबला आणि मी फिरायला लागलो. उलटा. मी जीव तोडून इंजिनाची वाफाळलेली हवा पाण्यावर फुंकू लागलो. समोरून जो काही थोडा वारा येत होता, तोही मीच ढकलून लावत होतो. थांबावं म्हटलं तर थांबता येत नाही, वीज आली की फिरावंच लागतं. ओरडावं म्हटलं तर माझ्याकडे फक्त घरघर आहे, आणि ती सुलट असो की उलट, सारखीच येते. पहिल्या वळणाला काटा मधे होता. दुसऱ्याला वर सरकला. तिसऱ्याच्या आधी रेडिएटरमधलं पाणी खळखळायला लागलं आणि झाकणाखालून वाफ सुटली.

गोरखने गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडून माझ्याकडे पाहिलं. मी फिरतच होतो. त्याला मी निर्दोष दिसलो.

"माळ आडवी आलीया," तो म्हणाला, आणि जाळीवरची माळ ओरबाडून काढली. अर्धी फुलं जाळीतच अडकून राहिली. झाकण गार होईपर्यंत थांबला, कॅनमधलं पाणी ओतलं, परत गाडी काढली. सुलक्षणा सारखी सासूच्या हाताकडे पाहत होती. सूज मनगटापर्यंत आली होती.

पुढच्या चढाला काटा परत वर गेला. आता तर वाफ बॉनेटच्या फटींतून काचेवर यायला लागली. गाडी पुन्हा थांबली. खिंडीचा माथा वळणापलीकडे होता. मोबाईलला रेंज नव्हती. सणाची सकाळ, रस्त्याला दुसरं वाहन नाही.

"आये, उतर जरा. वाफ लई हाय," गोरख म्हणाला. दोघांनी बनाबाईला उतरवलं आणि गाडीच्या पुढे, झाडाच्या सावलीत एका दगडावर बसवलं. इंजिन बंद झालं, पण स्विच चालू राहिला आणि मी फिरत राहिलो. गोरखच्या कॅनमध्ये आता तळाला पाणी होतं. तो बॉनेट उघडून नुसता उभा राहिला. काय बघायचं तेच त्याला सुचत नव्हतं. मला तेव्हा वाटलं, ही बाई इथे, या दगडावर माझ्यामुळे जाणार. मी त्याच्या तोंडासमोर होतो. त्याच्या हातापासून एक वीत.

बनाबाईच्या कपाळावर घाम होता. सुलक्षणा तिचा हात मांडीवर स्थिर धरून बसली होती. जाळीत अडकलेल्या फुलांच्या पाकळ्या एकेक सुटत होत्या आणि तिच्या लुगड्यावर येऊन पडत होत्या. तिने एक पाकळी उचलली. जन्मभर तिने खळ्यात भात उफणलं होतं. वारा कुठून कुठं जातो हे तिला अंगावर कळायचं, त्यासाठी विचार करावा लागत नसे.

"गोरख," ती म्हणाली, "तुजा पंखा गाडीला वारा घालतोय का मला रं?"

"आये, तू गप बस. बोलू नगं."

"गरम वारं येतंय माज्या तोंडावर. गाडीतनं भाईर येतंय. खळ्यात असं उलटं वारं आलं तर समदा भुसा आपल्याच डोळ्यात जातोय."

गोरख पुढे आला. त्याने जाळीपुढे तळहात धरला. मी सगळं बळ एकवटून त्याच्या हातावर गरम हवा फुंकली. त्याने हात मागे घेतला, परत धरला. मग धावत आला, चिकटपट्टी दातांनी तोडली आणि दोन्ही पिना ओढून काढल्या.

एक पिन त्याच्या उजव्या हातात होती, दुसरी डाव्या. दोन्हींवर लाल. तो एकीकडून दुसरीकडे पाहत राहिला. मग त्याने मान वर करून आईकडे पाहिलं. ती सुनेला सांगत होती, "घरी गेल्यावर आदी तोरण बांद. लोंब्या ओट्यावरच ऱ्हायल्यात."

त्याला कळलं होतं. मी त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहत होतो की चूक होणं शक्य नव्हतं. त्याने वायरी अदलाबदल करून खोचल्या.

मी एकदा थबकलो आणि सुलट फिरलो. बाहेरची हवा जाळीतून आत आली. खिंडीतल्या झाडांची, गार, ओली हवा. उरलेल्या पाकळ्या आत ओढल्या जाऊन रेडिएटरला चिकटून बसल्या. मी आयुष्यात इतकं मन लावून कधी फिरलो नव्हतो. दहा मिनिटांत खळखळ थांबली, तळाचं पाणी गोरखने जपून ओतलं आणि गाडी निघाली. काटा थरथरत होता, पण वर गेला नाही. माथा आला, उतार लागला, वेल्ह्याच्या दवाखान्याच्या दारात गोरखने गाडी लावली तेव्हा सूज कोपरापर्यंत पोचली होती.

तिथे इंजेक्शनं सुरू झाली. दुपारनंतर तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. गोरख जीप घेऊन मागोमाग गेला. दिवसामागून दिवस मी तिथल्या आवारात उभा होतो. गोरख डबा द्यायला यायचा, जायचा. एकदा तो सीटवर येऊन बसला, शेजारी सुलक्षणा होती. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणलं, जीव वाचला. बोट काढाय लागणार."

सुलक्षणा म्हणाली, "जीव वाचला न्हवं."

"अर्धा तास आदी आला असता तर बोट ऱ्हायलं असतं म्हणलं. अर्धा तास, सुलक्षणा." त्याने स्टेअरिंगवरचं वाळलेलं कुंकू अंगठ्याने खरवडलं. मग तो म्हणाला, "आयेला ह्यातलं कायबी कळू द्यायचं न्हाई. वायर म्या जोडली. म्याच बघितलं न्हाई."

दिवाळीच्या तोंडावर बनाबाईला घरी सोडलं. डाव्या हाताला मोठं पांढरं बँडेज, मधल्या बोटाच्या जागी काही नाही. पुण्याहून येताना शिवरे वाटेतच लागतं. माझा प्लग आला असल्याचा निरोप छायाने दिला होता, म्हणून गोरखने गाडी तिच्या दुकानापुढे लावली. बनाबाई पुढच्या सीटवर दार उघडं टाकून चहा प्यायला लागली. छायाने बॉनेट उघडलं आणि माझी चिकटपट्टी सोडली.

दोन्ही पिनांवर लाल तसंच होतं.

"हे काय?" छाया म्हणाली. "ठिपका म्या एकीलाच दिल्ता." तिने नखाने एक पिन खरवडली. नेलपॉलिश निघालं नाही. दुसरी खरवडली. नखावर लाल पूड आली. तिने ती बोटाने चोळून पाहिली, वास घेतला. "गोरखदादा, हे तर..."

गोरख नुसता तिच्याकडे पाहत राहिला. सुलक्षणा सासूच्या बाजूला उभी होती, तिने हळूच मान हलवली. बनाबाईने चहाचा कप खाली केला. "काय गं पोरी? काय निघालं त्यात?"

तुम्हाला सांगितलंय, छाया खोटं बोलत नाही. खंडेनवमीपासूनची माझी सगळी भीती त्या एका क्षणात गोळा झाली होती. खिंडीत तिचा जीव जाईल असं वाटत होतं. आता तो वाचला होता, बँडेज बांधून, चहाचा कप धरून समोर बसला होता, आणि एका शब्दाने या बाईचं उरलेलं आयुष्य नासणार होतं. स्वतःच्या हाताने लावलेल्या कुंकवाने बोट गेलं हे तिला कळलं, तर त्या हाताने तिने पुन्हा कशाचीच पूजा केली नसती.

छायाने नखावरची लाल पूड चिंधीला पुसली.

"काय न्हाई मावशी," ती म्हणाली. "गंज हाय."

"पुसून घे मग चांगला."

"घेते."

तिने पेट्रोलमध्ये चिंधी भिजवून दोन्ही पिना पुसल्या, मग कापूनच टाकल्या, आणि नवा प्लग बसवला. हा एकाच बाजूने बसतो. पुढच्या खंडेनवमीला त्याला कितीही हळदकुंकू लावलं तरी तो उलटा जाणार नाही.

निघण्याआधी बनाबाई खाली उतरली. बॉनेट अजून उघडंच होतं. तिने बँडेजचा हात माझ्या चौकटीवर ठेवला आणि छायाला म्हणाली, "ह्येच्यामुळं वाचले बघ. खिंडीत मला म्हणला, मी उलटा फिरतोय, सरळ करा. तोंडावर येऊन सांगितलं माज्या. एवढुसा हाय, पण लई गुणाचा."

छाया खाली बघून पान्हे गोळा करत राहिली. गोरख गाडीच्या पलीकडे गेला.

तेव्हापासून ती गावात सगळ्यांना हेच सांगते. वेल्ह्याला जाताना पुढच्या सीटवर बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते, की पंख्याने जीव वाचवला. मी पुढे बसून ऐकतो. गाडी तापली तर मला आता भीती वाटत नाही, घणाची आठवणही कमी झाली आहे. भीती एकच उरली आहे, आणि तिच्यासाठीच मी हे सगळं तुम्हाला सांगितलं. ही गोष्ट गोरखला माहीत आहे, सुलक्षणाला माहीत आहे, छायाला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही.

कधी पासलीला आलात तर आमच्या घरी जरूर या. बनाबाई तुम्हाला चहा दिल्याशिवाय सोडणार नाही. कप ती उजव्या हाताने देईल, डावा पदराखाली असेल. मग ती पंख्याची हकिकत सांगायला लागेल आणि मधेच थांबून विचारेल, कारण हल्ली ती सगळ्यांनाच विचारते, की एवढा चांगला पंखा, चांगल्या पोरीनं बसवलेला, सणाच्या दिवशीच उलटा कसा फिरला असेल. तुम्ही चहा प्या, आणि गंज असेल म्हणा.